जपानच्या गेम बाजारात परदेशी कन्सोलला जागा कशी मिळेल?

२२ फेब्रुवारी २००२ रोजी सकाळी टोकियोच्या शिबुया भागातील एका दुकानासमोर ग्राहकांची रांग लागली होती. मायक्रोसॉफ्टचे संस्थापक बिल गेट्स तेथे स्वतः उपस्थित होते. जपानमध्ये विकला गेलेला पहिला एक्सबॉक्स त्यांनी आपल्या हाताने ग्राहकाला दिला. जगातील सर्वांत मोठी सॉफ्टवेअर कंपनी निन्टेन्डो आणि सोनी यांच्या अंगणात उतरली होती.

पहिल्या तीन दिवसांत सुमारे सव्वा लाख यंत्रे विकली गेली. मात्र पुढील काही वर्षांत त्या एक्सबॉक्सची जपानमधील एकूण विक्री पाच लाखांपर्यंतही पोहोचू शकली नाही. याचा अर्थ, जितके ग्राहक एकूण मिळाले, त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पहिल्या तीन दिवसांतच मिळाला होता. त्याच पिढीतील सोनीच्या प्लेस्टेशन २ ची जपानमधील विक्री दोन कोटींच्या पुढे गेली.

गेम कन्सोल म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळण्यासाठी बनवलेला खास संगणक. या यंत्रांच्या इतिहासात परदेशी कंपनीला जपानमध्ये टिकाऊ यश आजवर मिळालेले नाही. 'जपानी ग्राहक परदेशी वस्तू घेतच नाही', असे त्याचे सोपे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. गेल्या चार दशकांतील घटनाक्रम पाहिला, तर हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. यश का मिळाले नाही, हे समजून घेतल्यास ते कसे मिळू शकेल, याचेही उत्तर हाती लागते.

१९८३ चा धडा

परदेशी कन्सोलचा जपानमधील पहिला मोठा प्रयत्न एक्सबॉक्सच्या कितीतरी आधी झाला. अमेरिकेच्या अटारी कंपनीने १९८३ मध्ये आपले गाजलेले यंत्र 'अटारी २८००' या नावाने जपानमध्ये आणले. अमेरिकेत या यंत्राला मिळालेल्या यशात 'स्पेस इनव्हेडर्स' या मूळच्या जपानी खेळाचा मोठा वाटा होता. तरीही जपानमध्ये येण्यास कंपनीला उशीर झाला. त्याच वर्षी १५ जुलै रोजी निन्टेन्डोने 'फॅमिली कॉम्प्युटर' अर्थात फॅमिकॉम हे यंत्र १४ हजार ८०० येनला बाजारात आणले. अटारीचे यंत्र त्याहून महाग आणि तंत्रज्ञानाच्या दृष्टीने जुने होते. त्याचा निभाव लागला नाही.

याच सुमारास अमेरिकेतील गेम उद्योग कोसळला आणि तेथील दुकानदार कन्सोलचे नाव काढण्यासही तयार नव्हते. निन्टेन्डोने १९८५ मध्ये आपला फॅमिकॉम अमेरिकेत नेला, तेव्हा त्याचे नाव बदलले, बाह्य रूप बदलले आणि व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरप्रमाणे कॅसेट समोरून आत सरकवण्याची रचना केली. सोबत एक खेळण्यातला यंत्रमानवही दिला. दुकानदारांच्या मनातील भीती ओळखून वस्तूचे रूप ठरवण्यात आले होते. परक्या देशात यश मिळवण्याचा हा वस्तुपाठ एका जपानी कंपनीनेच घालून दिला होता.

हातात बसणारी वस्तू

एक्सबॉक्स तयार होत असताना मायक्रोसॉफ्टला जपानचा विचारच नव्हता, असे म्हणता येणार नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २००१ मध्ये यंत्रासोबत दिलेला कंट्रोलर, म्हणजे खेळाडूने दोन्ही हातांत धरायचे उपकरण, अवाढव्य होते. जपानसाठी त्याची लहान आवृत्ती तयार करण्यात आली. या आवृत्तीचे अंतर्गत सांकेतिक नाव 'अकेबोनो' होते. अकेबोनो हे हवाईमध्ये जन्मलेले सुमो मल्ल. १९९३ मध्ये सुमोतील सर्वोच्च 'योकोझुना' पद मिळवणारे ते पहिले परदेशात जन्मलेले मल्ल ठरले. हा लहान कंट्रोलर इतका सोयीचा निघाला, की पुढे अमेरिकेतही मूळ कंट्रोलरची जागा त्यानेच घेतली. जपानी हाताचा विचार करून केलेली सुधारणा साऱ्या जगाच्या उपयोगी पडली.

मात्र कंट्रोलर बदलला, तरी यंत्र तेवढेच राहिले. सुमारे पावणेचार किलो वजनाचा तो काळा खोका जपानी शहरांतील लहान घरांत, दूरचित्रवाणी संचाखालच्या फळीवर ठेवणे गैरसोयीचे होते. प्लेस्टेशन २ वर डीव्हीडी चित्रपट थेट पाहता येत असत. मार्च २००० मध्ये ते बाजारात आले, तेव्हा अनेक कुटुंबांनी ते स्वस्तातला डीव्हीडी प्लेअर म्हणूनही घेतले. एक्सबॉक्समध्ये त्यासाठी वेगळा संच विकत घ्यावा लागत होता.

विक्री सुरू होताच यंत्रामुळे डिस्कवर ओरखडे पडत असल्याच्या तक्रारी काही ग्राहकांनी केल्या आणि जपानी माध्यमांत त्यांची चर्चा झाली. नव्या कंपनीच्या बाबतीत पहिल्याच आठवड्यात निर्माण झालेली शंका सहजासहजी जात नाही. मे २००२ मध्ये, म्हणजे तीनच महिन्यांत, यंत्राची किंमत ३४ हजार ८०० येनवरून २४ हजार ८०० येनवर आणावी लागली. ज्यांनी रांगा लावून पहिल्या दिवशी यंत्र घेतले होते, त्यांच्यासाठी ही बातमी सुखद नव्हती.

कंट्रोलरवरील बटणांचा प्रश्न वरवर किरकोळ, पण बारकाईने पाहण्यासारखा आहे. निन्टेन्डोच्या कंट्रोलरवर होकार देण्याचे बटण उजवीकडे असते. जपानमधील प्लेस्टेशनवरही अनेक वर्षे उजवीकडचे 'गोल' चिन्हाचे बटण होकारासाठी आणि खालचे 'फुली' चिन्हाचे बटण नकारासाठी वापरले जात होते. जपानी शाळेत बरोबर उत्तराला गोल आणि चुकीच्या उत्तराला फुली अशी खूण करतात. त्याच सवयीचा हा विस्तार होता. एक्सबॉक्सवर मात्र होकाराचे बटण खाली असते. वीस वर्षे एका जागी जाणारा अंगठा दुसऱ्या जागी वळवणे अशक्य नसते. परंतु त्यासाठी ग्राहकाला तसे सबळ कारण द्यावे लागते.

खेळांसाठी यंत्र

ते कारण म्हणजे खेळ. ग्राहक यंत्रासाठी खेळ घेत नाही, खेळासाठी यंत्र घेतो. या व्यवसायाचे गणितही त्यावरच उभे आहे. कन्सोल बनवणारी कंपनी यंत्राच्या विक्रीत फारसा नफा मिळवत नाही, अनेकदा तोटाही सोसते. खरे उत्पन्न मिळते ते खेळांच्या विक्रीतून आणि इतर कंपन्यांनी त्या यंत्रासाठी बनवलेल्या खेळांवरील शुल्कातून. खेळ बनवणारी कंपनी मात्र आधी पाहते, की हे यंत्र किती घरांत पोहोचले आहे. घरे थोडी असतील, तर खेळ येत नाहीत आणि खेळ नसतील, तर घरे वाढत नाहीत. नवागत कंपनीला हे दुष्टचक्र स्वतःच्या पैशाने आणि चिकाटीने तोडावे लागते.

दुसऱ्या पिढीत मायक्रोसॉफ्टने तसा प्रयत्न गांभीर्याने केला. एक्सबॉक्स ३६० हे यंत्र अमेरिकेत आल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १० डिसेंबर २००५ रोजी जपानमध्ये आले. पण ज्या खेळाची जपानी ग्राहक वाट पाहत होते, तो 'डेड ऑर अलाइव्ह ४' त्या दिवशी तयार नव्हता. तो आला २९ डिसेंबरला. पहिल्या दोन दिवसांत सुमारे ६२ हजार यंत्रे विकली गेली. हा आकडा पहिल्या एक्सबॉक्सच्या सुरुवातीच्या विक्रीहून बराच कमी होता.

यानंतर कंपनीने 'फायनल फँटसी' या खेळमालिकेचे जनक हिरोनोबु साकागुची यांची मदत घेतली. त्यांच्या मिस्टवॉकर संस्थेचा 'ब्लू ड्रॅगन' डिसेंबर २००६ मध्ये आला. त्यातील पात्रे 'ड्रॅगन बॉल'चे चित्रकार अकिरा तोरियामा यांनी रेखाटली होती आणि संगीत नोबुओ उएमात्सु यांचे होते. जपानमध्ये या खेळाच्या सुमारे दोन लाख प्रती विकल्या गेल्या आणि त्यासोबत यंत्रांची विक्रीही वाढली. २००७ मध्ये 'द आयडॉलमास्टर' आणि 'लॉस्ट ओडिसी' हे खेळ आले. ऑगस्ट २००८ मध्ये 'टेल्स ऑफ व्हेस्पेरिया' आला, तेव्हा दुकानांत एक्सबॉक्स ३६० चा तुटवडा पडला. सप्टेंबरमध्ये सर्वांत स्वस्त आवृत्तीची किंमत १९ हजार ८०० येन करण्यात आली आणि काही आठवडे या परदेशी यंत्राची विक्री प्लेस्टेशन ३ च्याही पुढे गेली.

या काही आठवड्यांचे महत्त्व मोठे आहे. हवे ते खेळ, परवडणारी किंमत आणि दुकानातील उपलब्धता हे तिन्ही एकत्र आले, तेव्हा जपानी ग्राहकाने यंत्र कोणत्या देशातील आहे, हे पाहिले नाही.

मग ही लाट ओसरली का? यातील बहुतेक खेळ दुसऱ्यांनी बनवलेले होते आणि त्यांच्यावरील एक्सबॉक्सचा हक्क काही काळापुरता होता. 'टेल्स ऑफ व्हेस्पेरिया' सुमारे वर्षभराने, नव्या पात्रासह आणि अधिक मजकुरासह प्लेस्टेशन ३ वर आला. ऑक्टोबर २००९ मध्ये प्रथम एक्सबॉक्स ३६० वर आलेला 'स्टाइन्स गेट' हा कथाप्रधान खेळही पुढे इतर यंत्रांवर गेला. केवळ या खेळांसाठी ज्यांनी यंत्र घेतले, त्यांना थोडे थांबलो असतो तर बरे झाले असते, असे वाटणे स्वाभाविक होते. एक्सबॉक्स ३६० ची जगभरातील विक्री आठ कोटींहून अधिक झाली. त्यातील जपानचा वाटा सुमारे सोळा लाखांचा. परदेशी कन्सोलसाठी जपानमध्ये ही मोठी कामगिरी होती. तिच्या पायावर पुढची इमारत मात्र उभी राहिली नाही.

घराबाहेर पडलेला खेळ

त्याच वर्षांत जपानमधील खेळण्याची जागाच बदलत होती. २००४ च्या डिसेंबरमध्ये निन्टेन्डोचे डीएस आणि सोनीचे पीएसपी ही हातात धरून खेळायची यंत्रे आली. डीएसची जपानमधील विक्री तीन कोटींच्या पुढे गेली. लांबचा लोकल प्रवास, लहान घर, घरातील एकच दूरचित्रवाणी संच आणि शाळा सुटल्यावर मित्रांनी एकत्र बसून खेळण्याची आवड या साऱ्याला ही यंत्रे सोयीची होती.

२०१० मधील दोन घटना शेजारी ठेवल्या, म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. २० नोव्हेंबर रोजी मायक्रोसॉफ्टने जपानमध्ये 'किनेक्ट' हा कॅमेरा आणला. त्यासमोर उभे राहून, शरीराच्या हालचालींनी खेळायचे असे. त्यासाठी दूरचित्रवाणी संचापासून सुमारे दोन मीटर मोकळी जागा हवी होती. अमेरिकेतील प्रशस्त दिवाणखान्यासाठी ही कल्पना उत्तम होती. टोकियोतील लहान सदनिकेत मात्र प्रत्येक वेळी टेबल हलवावे लागणार होते आणि उडी मारली, तर खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याला त्रास होणार होता. त्यानंतर अकराच दिवसांनी, १ डिसेंबरला, पीएसपीवर 'मॉन्स्टर हंटर पोर्टेबल थर्ड' आला आणि जपानमध्ये त्याच्या चाळीस लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्याला उपाहारगृहातील एक टेबल आणि चार मित्र एवढी जागा पुरत होती.

तिसऱ्या पिढीत मायक्रोसॉफ्टची जपानकडील पाठ अधिकच स्पष्ट झाली. एक्सबॉक्स वन अमेरिकेत २२ नोव्हेंबर २०१३ रोजी आला. जपानला त्यासाठी ४ सप्टेंबर २०१४ पर्यंत, म्हणजे नऊ महिन्यांहून अधिक काळ थांबावे लागले. पहिल्या चार दिवसांत सुमारे २३ हजार यंत्रे विकली गेली आणि त्या संपूर्ण पिढीत एकूण विक्री सव्वा लाखाच्याही आत राहिली. पहिल्या एक्सबॉक्सने २००२ मध्ये जे तीन दिवसांत साधले होते, ते तिसऱ्या एक्सबॉक्सला काही वर्षांतही साधले नाही. जपानला मागच्या रांगेत बसवले गेले आहे, हे ग्राहकाने ओळखले. दुकानदारानेही ओळखले आणि फळीवरील जागा दुसऱ्याला दिली.

परदेशी असणे हा अडथळा आहे का?

'परदेशी वस्तू चालत नाही' हा समज तपासण्यासाठी गेम कन्सोलच्या बाहेर पाहणे आवश्यक आहे. ११ जुलै २००८ रोजी सॉफ्टबँक कंपनीमार्फत आयफोन जपानमध्ये आला, तेव्हा जपानी मोबाइल फोन जगात सर्वांत पुढारलेले मानले जात होते. त्यांच्यावर दूरचित्रवाणी पाहता येत असे, पैसे देता येत असत आणि संदेशांत चित्रलिपीतील इमोजी वापरता येत असत. आयफोनमध्ये यांतील काहीच नव्हते. त्याचा जपानमध्ये निभाव लागणार नाही, असे अनेकांना वाटत होते.

ॲपलने पुढे जे केले, ते लक्षणीय आहे. जपानी अक्षरे बोट सरकवून लिहिण्याची सोय फोनसोबतच देण्यात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इमोजी आले. २०१६ मध्ये आयफोन ७ च्या जपानी आवृत्तीत फेलिका ही चिप बसवण्यात आली. त्यामुळे रेल्वे स्थानकाच्या दारावर फोन टेकवून प्रवास करता येऊ लागला. पुढच्या वर्षापासून ही सोय जगभरातील आयफोनमध्ये देण्यात आली. आज आयफोन हा जपानमधील सर्वाधिक वापरला जाणारा स्मार्टफोन आहे. परदेशी कंपनीने आठ वर्षे सातत्याने एकेक गैरसोय दूर केली आणि बाजाराने तिला आपले मानले.

खेळांच्या क्षेत्रातही असे दाखले आहेत. अमेरिकेतील नॉटी डॉग संस्थेचा 'क्रॅश बँडिकूट' १९९६ मध्ये जपानमध्ये आला, तेव्हा सोनीच्या जपानी शाखेने त्यातील मुख्य पात्राचा चेहरा अधिक सौम्य करून घेतला. हा खेळ तेथे लोकप्रिय झाला. स्वीडनमध्ये जन्मलेला 'माइनक्राफ्ट' जपानी मुलांच्या सर्वांत आवडत्या खेळांपैकी एक आहे. निन्टेन्डो स्विचवरील त्याच्या आवृत्तीची जपानमधील विक्री तीस लाखांच्या पुढे गेली. माइनक्राफ्ट बनवणारी मोजांग कंपनी २०१४ पासून मायक्रोसॉफ्टच्याच मालकीची आहे. म्हणजे मायक्रोसॉफ्टचा खेळ लाखो जपानी घरांत पोहोचला आहे, पण निन्टेन्डोच्या यंत्रावरून.

यंत्रांच्या बाबतीतही एक लहानसे उदाहरण आहे. अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीचे 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळायचे यंत्र डिसेंबर २०२२ मध्ये कोमोडो या वितरकामार्फत जपानमध्ये आले. व्हॉल्व्हची स्टीम ही खेळविक्रीची सेवा त्याआधीच जपानी संगणकांवर रुजली होती. ग्राहकाने आधी घेतलेले खेळ या नव्या यंत्रावर खेळता येत होते. त्यामुळे नव्या यंत्रापुढील रिकाम्या कपाटाची अडचण उरली नाही.

दुसऱ्या बाजूने पाहता, जपानी असणे हीदेखील यशाची हमी नाही. सोनीच्या गेम विभागाचे मुख्यालय २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात गेले. २०२० मधील प्लेस्टेशन ५ पासून जपानमध्येही 'फुली' हे होकाराचे बटण ठरवण्यात आले. प्लेस्टेशन ५ ची जपानमधील विक्री निन्टेन्डो स्विचच्या तुलनेत फारच मागे राहिली. स्विच घरातील संचालाही जोडता येते आणि हातात घेऊन बाहेरही नेता येते. तिची जपानमधील विक्री तीन कोटींहून अधिक झाली. थोडक्यात, बाजार देशाचे नाव विचारत नाही. आपली सोय कोणी पाहिली, एवढेच तो विचारतो.

किंमत आणि भरवसा

चौथ्या पिढीत मायक्रोसॉफ्टने काही चुका सुधारल्या. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि सिरीज एस ही दोन यंत्रे १० नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकेसोबतच जपानमध्ये आली. सिरीज एस हे तोपर्यंतचे सर्वांत लहान एक्सबॉक्स यंत्र होते. विक्रीपूर्वीच जपानमधील त्याची किंमत ३२ हजार ९८० येनवरून २९ हजार ९८० येन करण्यात आली. मासिक वर्गणीत अनेक खेळ देणारी गेम पास सेवा त्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानमध्ये सुरू झाली होती. परिणाम दिसून आला. २०२३ मध्ये या यंत्रांच्या विक्रीने जपानमध्ये पाच लाखांचा टप्पा ओलांडला आणि पहिल्या एक्सबॉक्सला मागे टाकले.

परंतु २०२२ मध्ये येनची घसरण सुरू झाली. वर्षाच्या आरंभी एका डॉलरला सुमारे ११५ येन मोजावे लागत होते. ऑक्टोबरमध्ये हा दर १५० येनपर्यंत गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिरीज एसची किंमत ३७ हजार ९७८ येन झाली. खर्च डॉलरमध्ये मोजणाऱ्या कंपनीसाठी हा निर्णय समजण्याजोगा होता. तथापि, नवागताची किंमत वाढते, तेव्हा ग्राहकाला ओळखीच्या यंत्राकडे परतण्यास निमित्त मिळते.

हीच अडचण निन्टेन्डोने वेगळ्या रीतीने सोडवली. ५ जून २०२५ रोजी स्विच २ बाजारात आले, तेव्हा जपानमध्ये त्याच्या दोन आवृत्त्या होत्या. केवळ जपानी भाषा असलेली आवृत्ती ४९ हजार ९८० येनला आणि अनेक भाषांची आवृत्ती ६९ हजार ९८० येनला. भाषेची मर्यादा घातल्यामुळे स्वस्त यंत्रे परदेशात जाण्याची शक्यता कमी झाली आणि देशातील कुटुंबांना परवडणारी किंमत ठेवता आली. सोनीनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये केवळ जपानी भाषेतील प्लेस्टेशन ५ ची आवृत्ती ५५ हजार येनला आणली. हा उपाय कोणत्याही परदेशी कंपनीलाही करता येण्याजोगा आहे.

किमतीपेक्षा कठीण गोष्ट आहे भरवशाची. मायक्रोसॉफ्टने जपानी खेळनिर्मात्यांशी अनेकदा नाते जोडले, पण ते टिकवण्यात सातत्य राहिले नाही. प्लॅटिनम गेम्स या जपानी संस्थेकडून बनवून घेतला जाणारा 'स्केलबाउंड' जानेवारी २०१७ मध्ये रद्द झाला. २०२१ मध्ये झेनीमॅक्स कंपनीच्या खरेदीमुळे टोकियोतील टँगो गेमवर्क्स ही संस्था मायक्रोसॉफ्टकडे आली. जानेवारी २०२३ मध्ये तिचा 'हाय-फाय रश' प्रसिद्ध झाला आणि त्याचे सर्वत्र कौतुक झाले. तरीही मे २०२४ मध्ये ही संस्था बंद करण्याचा निर्णय जाहीर करण्यात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने ती आपल्याकडे घेतल्यामुळे संस्थेचे नाव आणि काम वाचले.

अशा निर्णयांचा परिणाम एका संस्थेपुरता राहत नाही. एखाद्या परदेशी यंत्रासाठी तीन-चार वर्षे राबून खेळ बनवावा की नाही, हे ठरवताना इतर जपानी निर्माते हा इतिहास पाहतात. ग्राहकही पाहतात. कन्सोल घेणारा माणूस आजच्या दोन-चार खेळांसाठी पैसे देत नाही. पुढील सहा-सात वर्षे त्यावर आपल्या आवडीचे खेळ येत राहतील, दुरुस्तीची सोय राहील, मित्रांकडेही तेच यंत्र असेल, या खात्रीसाठी तो पैसे देतो.

यशाची वाट

या साऱ्या अनुभवातून परदेशी कन्सोल कंपनीसाठी काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. पहिली गोष्ट वेळेची. यंत्र जपानमध्ये जगासोबत आले पाहिजे आणि लोक ज्याची वाट पाहत आहेत, असा खेळ त्या दिवशी दुकानात असला पाहिजे. दुसरी गोष्ट रचनेची. आकार, आवाज, बटणे आणि भाषा यांचा विचार आराखडा तयार होत असतानाच जपानी घर डोळ्यांपुढे ठेवून व्हावा. अकेबोनो कंट्रोलर आणि आयफोनमधील फेलिका चिप यांनी दाखवून दिले, की असा बदल पुढे जगभर उपयोगी ठरू शकतो. हातात धरून खेळण्याची सोय ही जपानमध्ये जादा सुविधा नव्हे, ती मूलभूत गरज आहे.

तिसरी गोष्ट खेळांची. काही काळापुरते मिळवलेले खेळ ग्राहक आणतात, पण त्यांना टिकवत नाहीत. त्यासाठी जपानमध्ये स्वतःच्या संस्था हव्यात आणि एखादा खेळ अपयशी ठरला, तरी त्या चालू ठेवण्याची तयारी हवी. चौथी गोष्ट मोजमापाची. प्लेस्टेशन किंवा निन्टेन्डोला हरवणे हे उद्दिष्ट ठेवले, तर पहिल्याच वर्षी निराशा येते आणि मुख्यालय हात आखडता घेते. दर पिढीत मागील पिढीहून अधिक घरे, एवढे उद्दिष्ट ठेवले, तर वाट लांब असली तरी सरळ आहे. १६ लाखांवरून सव्वा लाखावर झालेली घसरण ही स्पर्धकांनी केलेल्या पराभवापेक्षा स्वतःच सोडून दिलेल्या जागेची कहाणी अधिक आहे.

आता प्रश्नाचे स्वरूपही बदलत आहे. मायक्रोसॉफ्टने २०२४ पासून आपले अनेक खेळ सोनी आणि निन्टेन्डोच्या यंत्रांवर आणण्यास सुरुवात केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये असुस कंपनीसोबत बनवलेले 'आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय' हे हातात धरायचे यंत्र बाजारात आले आणि त्यात जपानचाही समावेश होता. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियो गेम शोमध्ये 'फोर्झा होरायझन ६' या मोटारशर्यतीच्या खेळाची घोषणा झाली. त्याची पार्श्वभूमी जपानची आहे. खेळ सर्वत्र मिळू लागल्यावर वेगळे यंत्र घेण्याचे कारण मात्र कमी होते. त्यामुळे परदेशी कन्सोलला जपानमध्ये जागा मिळवायची असेल, तर ती केवळ आपल्याकडेच मिळणाऱ्या खेळांच्या बळावर फार काळ मिळणार नाही. सोय, किंमत आणि सातत्य यांच्याच बळावर ती मिळेल.

शिबुयातील त्या सकाळी रांगेत उभ्या असलेल्या ग्राहकांनी परदेशी कंपनीला एक संधी दिली होती. २००८ मधील काही आठवड्यांत आणि २०२० नंतरही जपानी ग्राहकांनी ती पुन्हा दिली. दार बंद नव्हते. पुढील प्रयत्न करणारी कंपनी अमेरिकेची असो, कोरियाची असो वा चीनची, दार उघडल्यावर ती किती वर्षे आत थांबते, यावर तिचे यश ठरेल.